सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू तीन आठवड्यांवर, आणि २०११ चं एक तिकीट

घाटमाथा
नमस्कार मंडळी. गेली आठ वर्षं फक्त वाचतोय, आज गरज पडली म्हणून लिहितोय. (माहितीये, सगळे असेच येतात.)

ऑक्टोबर २०११. आम्ही चौघं व्हर्जिनियात आय-८१ वरून पानगळ बघायला निघालो होतो. मर्यादा ताशी ७० मैल, माझा काटा ८४ वर. मागे निळे दिवे. ट्रूपरने कागद पुढे केला, खाली सही घेतली, "ड्राइव्ह सेफ" म्हणाला आणि गेला. मला वाटलं, नेहमीचं तिकीट. संध्याकाळी मोटेलवर नीट वाचलं तर 'रेकलेस ड्रायव्हिंग', म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं. कोर्टाची तारीख. नोकरी नवीन, खिसा रिकामा, म्हणून वकील केला नाही. जज्जसमोर उभा राहिलो, 'गिल्टी' म्हणालो, २०० डॉलर दंड आणि वर कोर्टाचा खर्च. पाच मिनिटांत बाहेर. विसरून गेलो.

२०१३ ला ग्रीनकार्ड आलं. सिटिझनशिप आज करू उद्या करू करत गेल्या सप्टेंबरात एन-४०० (सिटिझनशिपचा अर्ज) ऑनलाइन भरला, ७१० डॉलर मोजले. त्यात प्रश्न आहे की कधीही, कुठल्याही कारणाने पोलिसांनी अटक केली, साइटेशन (लेखी चलान) दिलं, ताब्यात घेतलं का? मी 'नाही' केलं. तेव्हा खरंच डोक्यात आलं नाही. (बायको म्हणते आलं होतं. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.)

आता इंटरव्ह्यूची नोटीस आली आणि रात्री झोप येत नाहीये. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. ऑफिसातला मित्र म्हणतो, गप्प बस. बायको म्हणते, सांग. तुम्ही काय म्हणता?

शेवटचा_बाक
८४ ला रेकलेस? मग ह्युस्टनमध्ये सगळं शहरच आत जाईल.

पोटोमॅकपल्याड
हसू नका हो. व्हर्जिनियात मर्यादेच्या वर २० किंवा सरसकट ८० च्या वर गेलात की रेकलेस, असा नियम होता. २०२० पासून ८० चं ८५ झालं. आणि ते साधं तिकीट नाही, क्लास वन मिसडिमीनर (फौजदारी गुन्हा) आहे. कायद्यात वरची शिक्षा १२ महिने तुरुंग आणि २५०० डॉलर. माझ्या दोन शेजाऱ्यांना मिळालंय, दोघेही देवमाणूस. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला हे ठाऊकच नसतं. ७० च्या रस्त्यावर ८४ म्हणजे मर्यादेपेक्षा १४ च जास्त, पण ८० ओलांडलं ना!

तात्या_ऑस्टिन
घाटमाथा, शांत व्हा. तुमच्या बोटांचे ठसे घेतले का तेव्हा? नाही. मग एफबीआयकडे काय असणार? शंख! व्हर्जिनियाच्या डीएमव्हीत (वाहन खात्यात) रेकलेस ११ वर्षं राहतं, म्हणजे २०२२ लाच पुसलं गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ऑफिसर विचारणार, तुम्ही 'नो' म्हणणार, पुढचा प्रश्न. मी इथे ३१ वर्षं आहे, अशी पन्नास प्रकरणं पाहिलीत.

मेधा_क
तात्या, त्या पन्नासांत किती जण शपथेवर 'नो' म्हणून नंतर पकडले गेले, तेही सांगा.

मी वकील नाही. इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात नऊ वर्षं फाइली लावते, तेवढ्या अनुभवावर लिहितेय.

घाटमाथा, तुमच्या बाबतीत दोन गोष्टी वेगवेगळ्या धरा. एक, ते तिकीट. चौदा वर्षांपूर्वीचं, दारू नाही, अपघात नाही, तुरुंग नाही. 'गुड मॉरल कॅरॅक्टर' (चांगलं चारित्र्य) बघताना मुख्यतः अर्जाआधीची पाच वर्षं बघतात (लग्नाच्या आधारावर असेल तर तीन). त्याच्या मागचंही ते बघू शकतात, पण एवढ्यावरून कुणाचा अर्ज बुडालेला मी पाहिलेला नाही.

दुसरी, तुमचं 'नाही'. इंटरव्ह्यूच्या सुरुवातीला उजवा हात वर करून शपथ देतात. त्यानंतर तोंडाने, फायदा मिळावा म्हणून खोटं बोललात, तर कायद्यात ते 'फॉल्स टेस्टिमनी' (खोटी साक्ष) ठरतं आणि त्या एका कारणावरून नकार देता येतो. लपवलेली गोष्ट स्वतः निरुपद्रवी असली तरीही! २०० डॉलरचं तिकीट लपवायला जाऊन माणूस इथे अडकतो. फॉर्मवरची चूक त्यांनी विचारायच्या आधी आपण होऊन सुधारली तर गोष्ट वेगळी. उत्तरं बदलणं हा त्या इंटरव्ह्यूचा रोजचा भाग आहे, पत्ते, प्रवासाच्या तारखा, सगळं तिथे दुरुस्त होतं.

जर्सीचा_जावई
मेधाताईंना अनुमोदन. माझं प्रकरण मासळीचं आहे.

२०१८, जर्सी किनारा, सासरे भारतातून आलेले. त्यांना गळ टाकायची हौस. स्ट्राइप्ड बास लागला, सासरे लहान मुलासारखे नाचायला लागले. तेवढ्यात गणवेशातला माणूस टेप घेऊन हजर. मासा लांबीत बसत नव्हता. सासरे पर्यटक, इंग्रजी बेताचं, म्हणून बाणेदारपणे मी म्हणालो, "मी पकडला." साइटेशन माझ्या नावावर. दंड भरला. मासा परत पाण्यात, सासरे दोन दिवस अबोल.

एन-४०० भरताना वकिलाला सहज म्हणालो, तो म्हणाला, "साइटेड म्हणजे साइटेड. लिहा." लिहिलं. इंटरव्ह्यूत बाईंनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हाऊ बिग वॉज द फिश?"

शेवटचा_बाक
जावयाने सासऱ्यासाठी मासा अंगावर घेतला. मंडळाने शाल-श्रीफळ द्यावं.

तात्या_ऑस्टिन
हे सगळं २०१८-१९ चं रामराज्य झालं. आता हवा बदलली आहे. नेमकं १५ ऑगस्ट २०२५ ला यूएससीआयएसने (इमिग्रेशन खात्याने) 'गुड मॉरल कॅरॅक्टर'वर नवीन मेमो काढला. त्यात ट्रॅफिकबद्दल कुठला शब्द आहे बघा: 'रेकलेस ऑर हॅबिच्युअल ट्रॅफिक इन्फ्रॅक्शन्स'. रेकलेस! तोच शब्द यांच्या कागदावर आहे. आणि तुम्ही सांगताय, जा आणि स्वतःच्या हाताने ताट वाढून द्या.

मेधा_क
मुद्दा रास्त आहे, मेमो मीही वाचलाय. नुसता गुन्हा नाही म्हणून पास असं न करता पूर्ण माणूस तोलायचा, असं त्यात आहे. नोकरी, कर, कुटुंब, समाजातलं काम हेही वजनात धरायचं. म्हणून घाटमाथांनी टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट, मुलांचे दाखले आणि कुठे स्वयंसेवा केली असेल तर त्याचं पत्र बरोबर न्यावं. पण मेमोमुळे खोटं बोलणं सुरक्षित कसं झालं, ते मला कळलं नाही.

नदीकाठ
माझा बावळट प्रश्न. पुण्यात २००४ मध्ये लक्ष्मी रोडवर सिग्नल तोडला होता, मामांनी पकडलं. हे लिहायचं?

शेवटचा_बाक
पावती फाडली की 'काही तरी बघा ना साहेब' झालं? दुसरं असेल तर तो वेगळा प्रश्न आहे, फॉर्ममध्ये खाली आहे.

कोयनेचं_पाणी
नदीकाठ, तुमचा सिग्नल सोडा, माझं ऐका. १९९४ ला कॉलेजात फीवाढीविरुद्ध मोर्चा. कलेक्टर कचेरीसमोर बसलो, पोलिसांनी निळ्या गाडीत भरून ग्राउंडवर नेलं, नावं लिहून घेतली, चहा दिला, संध्याकाळी सोडलं. आम्ही गाडीत गाणी म्हणत होतो. तीस वर्षांनी न्यू हॅम्पशायरात बसून 'डिटेन्ड' या शब्दाकडे बघत राहिलो. शेवटी 'होय' केलं आणि चार ओळी लिहिल्या: कधी, कुठे, गुन्हा दाखल नाही, त्याच दिवशी सुटका. भारतातून पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) काढून ठेवलं होतं, ते दाखवलं. ऑफिसर तरुण होता. म्हणाला, फी कमी झाली का? म्हटलं, नाही.

काकडआरती
विषय निघालाच आहे म्हणून माझ्या सासूबाईंचा इंटरव्ह्यू सांगते. पन्नाशी ओलांडलेली आणि ग्रीनकार्डावर २० वर्षं झालेली असतील (किंवा ५५ आणि १५), तर इंग्रजी माफ, आपल्या भाषेत दुभाषा चालतो. त्यांच्यासाठी मराठी दुभाषी बाई आल्या, बहुधा नागपूरकडच्या. जुन्या फॉर्मवर 'हॅबिच्युअल ड्रंकर्ड' असा प्रश्न असायचा. बाईंनी सरळ भाषांतर केलं, "आजी, तुम्ही अट्टल दारुड्या होता का?" सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. "कोण म्हणतं?" पुढे वेश्याव्यवसायाचा प्रश्न होता. तो विचारताना दुभाषी बाईंचाच घसा बसला. शेवटी सासूबाई ऑफिसरलाच म्हणाल्या, "लेकरा, तुझ्या आईला विचारशील का हे?" त्याचं भाषांतर झालं की नाही कुणाला माहीत नाही. पास झाल्या.

पोटोमॅकपल्याड
आणि तो कम्युनिस्ट पक्षाचा प्रश्न! माझे वडील रायगडचे, आयुष्यभर शेकाप. लाल झेंडा, खटारा चिन्ह. मी विद्यार्थीदशेत दोन सभांना खुर्च्या मांडल्या होत्या. रात्रभर विचार करत होतो की 'इन एनी वे असोसिएटेड'मध्ये खुर्च्या येतात का.

शेवटचा_बाक
घडीच्या असतील तर नाही.

नवा_आयडी_७
हा आयडी मुद्दाम नवीन काढलाय, कृपया कोण आहे ते शोधू नका.

मी विद्यार्थिनी असताना, २०१९ मध्ये, एका दुकानात सेल्फ-चेकआउटवर दोन वस्तू स्कॅन केल्या नाहीत. ३८ डॉलरच्या. मुद्दाम. का केलं ते आजही सांगता येत नाही. मागच्या खोलीत बसवलं, पोलीस आले, बेड्या घातल्या. कोर्टाने एक प्रोग्राम दिला, ऑनलाइन क्लास आणि ४० तास कम्युनिटी सर्व्हिस. पूर्ण केल्यावर केस डिसमिस, मग एक्स्पंज, म्हणजे रेकॉर्ड पुसलं. तेव्हाचा वकील म्हणाला, "इट नेव्हर हॅपन्ड." नवऱ्याला माहीत आहे, बाकी कुणालाही नाही. पुढच्या महिन्यात एन-४०० भरायचा विचार आहे. इथलं वाचून मीही 'होय' लिहून, समजावून सांगून मोकळी होऊ का?

मेधा_क
नवा_आयडी, आधी थांबा. इथलं मासे आणि मोर्चे वाचून अर्ज भरू नका. तुमचं प्रकरण वेगळ्या कप्प्यातलं आहे. घाबरवायचं नाहीये, पण नीट वाचा.

एक्स्पंज झालं तरी इमिग्रेशनला सांगावंच लागतं. 'तुझं आता रेकॉर्ड नाही' असं जज्जने, पोलिसाने किंवा वकिलाने सांगितलं असलं तरीही. तो वकील राज्याच्या कायद्यापुरतं खरं बोलला.

चोरी, छोटी का असेना, साधारणपणे 'मॉरल टर्पिट्यूड'च्या (नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांच्या) यादीत धरतात. ट्रॅफिक तिथे नसतं. म्हणून ३८ डॉलरची गोष्ट २०० डॉलर दंडापेक्षा जड भरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तो प्रोग्राम मिळण्याआधी तुम्ही कोर्टात 'गिल्टी' म्हणाला होतात का? १९९६ पासून फेडरल व्याख्या अशी आहे की गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने काही ना काही शिक्षा किंवा बंधन घातलं, की ते कन्व्हिक्शन, म्हणजे दोषसिद्धी. नंतर केस डिसमिस झाली तरी! काही राज्यांत कबुली न घेताच प्रोग्राम देतात, तिथे चित्र पुष्कळ बरं असतं. दोन्हींना लोक 'डायव्हर्जन'च म्हणतात.

शिवाय 'पेटी ऑफेन्स' (किरकोळ गुन्हा) अशी एक सूट आहे: आयुष्यात एकच असा गुन्हा, त्याला कायद्यात जास्तीत जास्त एक वर्षापर्यंतचीच शिक्षा, आणि प्रत्यक्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेली नसावी. त्यात तुम्ही बहुधा बसाल. पण हद्दपारीचं कलम वेगळं आहे, तिथे 'एक वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकते का' असं बघतात. वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क या राज्यांनी मिसडिमीनरची कमाल शिक्षा ३६५ वरून ३६४ दिवसांवर आणली ती याचसाठी. एका दिवसाने माणूस या बाजूचा त्या बाजूला होतो. म्हणून कुठलं राज्य, कुठलं कलम, कुठलं साल, हे कागदावर बघितल्याशिवाय कुणीही, मीसुद्धा, 'भर बिनधास्त' म्हणू नये. आणि ग्रीनकार्डच्या अर्जात काय लिहिलं होतं, तेही बघायला लागेल. फी भरण्याआधी इमिग्रेशन वकील, तोही क्रिमिनलची बाजू कळणारा.

नवा_आयडी_७
गिल्टी म्हणाले होते की नाही, खरंच आठवत नाही. जज्ज भराभर बोलत होते, मी रडत होते.

मेधा_क
साहजिक आहे. ते कागदावर असतं. ज्या कोर्टात केस होती तिथल्या क्लार्ककडून 'सर्टिफाइड डिस्पोझिशन' (केसच्या निकालाची प्रमाणित प्रत) मागा. एक्स्पंज झाल्यामुळे कदाचित सहज देणार नाहीत, मग त्या जुन्या वकिलाची फाइल मागा. सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या पडिया निकालापासून क्रिमिनल वकिलाने अशिलाला इमिग्रेशनचे परिणाम सांगायलाच हवेत. त्याने काय सांगितलं होतं, तेही फाइलमध्ये असू शकतं. एफबीआयकडून स्वतःचा रिपोर्ट १८ डॉलरमध्ये मागवता येतो, तोही मागवा.

काकडआरती
नवा_आयडी, कुणीही शोधणार नाही तू कोण ते. जेवलीस का आज?

कोयनेचं_पाणी
गांजाबद्दल कुणी बोललं नाही. माझ्या भाच्याने कोलोरॅडोत दुकानातून, पावती घेऊन, उजळ माथ्याने घेतला. त्याला वाटलं राज्यात कायदेशीर म्हणजे झालं. फेडरलमध्ये अजून गुन्हाच आहे, आणि नुसतं "हो, ओढलाय" म्हटलं तरी अडचण. त्याचं अटक-बिटक काही नव्हतं, फोनमधल्या फोटोंवर मात्र उत्साह फार.

पोटोमॅकपल्याड
घाटमाथा कुठे गेले? धागा त्यांचा, आणि आपण गांजावर.

घाटमाथा
इथेच आहे, वाचतोय. मधल्या काळात बरंच घडलं.

व्हर्जिनियाच्या त्या काउंटीच्या कोर्टात फोन केला. क्लार्क बाई फार सज्जन, पण म्हणाल्या, इतकी जुनी फाइल आता ठेवलेली नाही. ऑनलाइन शोधलं, तिथेही नाही. डीएमव्हीचा रिपोर्ट मागवला तर कोरा. तात्या, खरं सांगतो, त्या संध्याकाळी तुमचं म्हणणं इतकं गोड वाटलं म्हणून सांगू. जगात कुठेच कागद नाही. मी बोललो नाही तर ते झालंच नाही.

मग रविवारी बायकोने माळ्यावरची प्लास्टिकची फाइल काढली. त्यात जुन्या अपार्टमेंटचं लीज, माझं दहावीचं प्रमाणपत्र, भाच्याच्या मुंजीची पत्रिका, आणि तिच्याच पाठीला चिकटलेला तो समन्स. शाई उडालीय, पण '८४/७०' लख्ख दिसतं. खाली माझी सही, तीही तेव्हाची, मराठीत करायचो ती. बायको काही बोलली नाही. कागद टेबलावर ठेवून चहा टाकायला गेली.

मेधा_क
छान झालं. आता क्लार्ककडून 'फाइल नष्ट केली आहे' असं शिक्क्याचं पत्र मागा, ते देतात. खरं तर ५०० डॉलरच्या आतला दंड, अटक नाही, दारू नाही, अशा ट्रॅफिकच्या बाबतीत कागद जोडायची गरज नाही असं सूचनांमध्येच लिहिलंय. पण मिसडिमीनर आहे, तर हाताशी असू द्या. आणि २०१२-१३ च्या आय-४८५ वर (ग्रीनकार्डच्या अर्जावर) काय टिक केलं होतं?

घाटमाथा
हाच प्रश्न परवा वकिलानेही विचारला (एका तासाचे २५० घेतले, पण झोप लागली). प्रत काढली. तिथेही 'नाही'च आहे. मात्र त्या जुन्या फॉर्मवर प्रश्नातच 'ट्रॅफिक व्हायोलेशन्स वगळून' असं छापलेलं होतं.

तात्या_ऑस्टिन
पण मिसडिमीनर म्हणजे 'ट्रॅफिक व्हायोलेशन' का? तुम्हीच म्हणालात ना, साधं तिकीट नाही म्हणून?

पोटोमॅकपल्याड
व्हर्जिनियात रेकलेसचं कलम मोटार वाहनांच्याच टायटलमध्ये आहे, क्राइम्सच्या नाही. ट्रॅफिक नाही तर काय, बागकाम?

घाटमाथा
वकिलाचंही तेच मत. म्हणाला, त्या फॉर्मच्या शब्दांनुसार तेव्हाचं उत्तर बचाव करण्यासारखं आहे, आत्ताचं नाही. आत्ताच्या प्रश्नात काहीच वगळलेलं नाही. त्यामुळे सुरुवातीलाच दुरुस्त करा.

शेवटचा_बाक
तारीख कधीची?

घाटमाथा
आज होती. पार्किंगमधून टाइप करतोय.

शपथ झाली, बसलो, आणि बाईंनी पहिला प्रश्न विचारायच्या आधीच म्हणालो की एका उत्तरात दुरुस्ती करायची आहे. आवाज कापला माझा. त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. "काय झालं होतं?" सांगितलं. "दारू?" नाही. "अपघात?" नाही. "अटक करून नेलं?" नाही, सही घेऊन सोडलं. "किती स्पीड?" ८४. त्यांनी मान वर केली, "व्हर्जिनिया?" मी हो म्हणालो. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण ओठाचा कोपरा हलला. "फॉर्मवर का नव्हतं?" साधं तिकीट समजलो, चूक झाली, असं सांगितलं. समन्स आणि क्लार्कचं पत्र घेतलं, स्कॅन केलं, परत दिलं. मग एकदा हळू विचारलं, आणखी काही? नाही म्हणालो, आणि त्या 'नाही'ला काही जड वाटलं नाही. सगळं मिळून चार मिनिटं असतील.

मग परीक्षा, सहापैकी सहा, पुढचे विचारलेच नाहीत. (माझा अर्ज २० ऑक्टोबर २०२५ च्या आधीचा, म्हणून जुनी परीक्षा. त्यानंतर भरणाऱ्यांना १२८ प्रश्नांची यादी, २० विचारणार, १२ बरोबर हवेत.) शेवटी टॅबलेटवर दुरुस्त्यांसकट सही, आणि हातात एन-६५२, इंटरव्ह्यूच्या निकालाचा कागद. 'रेकमेंडेड फॉर अप्रूव्हल' वर खूण.

काकडआरती
अभिनंदन! बायकोला आधी फोन केलास ना? की इथेच टाइप करत बसलास?

जर्सीचा_जावई
वा! पण एक लक्षात ठेवा. शपथविधीच्या दिवशी एन-४४५ भरून द्यायचा असतो. इंटरव्ह्यूनंतर आजपर्यंत काही साइटेशन, अटक झाली का, ट्रॅफिकसकट, असं त्यात विचारतात.

घाटमाथा
माहीत आहे. गाडी बायको चालवते आहे.

तात्या_ऑस्टिन
अभिनंदन. माझा मुद्दा तरी कायम आहे, पण अभिनंदन.

नवा_आयडी_७
घाटमाथा, अभिनंदन. मेधाताई, एफबीआयचा रिपोर्ट आला. त्यात ते आहे, एक्स्पंज होऊनसुद्धा. वकिलाची वेळ घेतली, मंगळवारी ४ वाजता. नवरा रजा टाकतोय. अर्ज अजून भरलेला नाही.

मेधा_क
उत्तम. तो रिपोर्ट, जुन्या वकिलाची फाइल, आय-४८५ ची प्रत, सगळं घेऊन जा. आणि त्या दिवशी दुकानात काय झालं ते आज रात्री एकदा तारखेवार लिहून काढा, म्हणजे त्यांच्यासमोर आठवत बसायला नको.